कुमुदराणीचा छत्रीवाला

तळेगव्हाण गावात बयाजी नावाचा एक भोळा छत्रीवाला होता. मोडक्या छत्र्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. भोळा किती, तर एकदा मास्तरांनी छत्री देताना सांगितलं, "उद्यापर्यंत हिच्यावरून नजर हलवू नकोस." बयाजी रात्रभर छत्रीसमोर बसून राहिला. सकाळी मास्तर आले तेव्हा छत्री तशीच मोडकी होती. नजर हलवायची नाही, तर अवजारं कशी शोधणार?

त्या वर्षी गावच्या तळ्यावर मुंबईहून हिंदी सिनेमाची मंडळी आली. नायिका होती कुमुदराणी. तो जमाना असा, की कुमुदराणी पडद्यावर हसली तर थिएटरात चिल्लर उडायची आणि रडली तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नाकं शिंकरली जायची. तिच्यासोबत तिच्या आई माईसाहेब असायच्या. कुमुदराणीने काय खायचं, कोणाशी बोलायचं, किती हसायचं, सगळं माईसाहेब ठरवायच्या. त्या काळी बऱ्याच नायिकांच्या खुर्चीशेजारी अशी एक खुर्ची असे, आणि सगळं युनिट त्या खुर्चीला टरकून असे.

माईसाहेबांनी बयाजीला बोलावलं. "माझ्या लेकीच्या डोक्यावर छत्री धरायची. ऊन लागता कामा नये. क्षणभरसुद्धा छत्री बाजूला करायची नाही. समजलं?"

"समजलं," बयाजी म्हणाला. तो नेहमी असंच म्हणायचा.

शॉट सुरू झाला. कुमुदराणीला भर उन्हात, वर चंद्र आहे असं समजून त्याच्याकडे बघत गायचं होतं. तिने मोठ्या हौसेने मान वर केली. वर काळी छत्री. ती दोन पावलं सरकली, छत्रीही सरकली. ती पळाली. बयाजीही पळाला.

"कट!" डायरेक्टर ओरडले.

माईसाहेबांनी बयाजीचा कान धरला. "अरे ठोंब्या! कॅमेरा सुरू झाला की झाडामागे जाऊन लपायचं. आणि 'कट' ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

"आता समजलं," बयाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुमुदराणी होडीत बसून गात होती. बयाजी काठावरच्या वडामागे उभा. होडी कलंडली. "वाचवा! वाचवा!" म्हणून कुमुदराणी खरोखर ओरडू लागली. बयाजी तिच्या सगळ्यांत जवळ होता. पण 'कट' कुठे ऐकू आलं होतं? तो वडाला चिकटून राहिला. शेवटी कॅमेऱ्याचा असिस्टंट सदानंद कपड्यांसकट तळ्यात उडी मारून तिला बाहेर घेऊन आला. या गोंधळात डायरेक्टर 'कट' म्हणायलाच विसरले. सगळे सामान आवरून निघून गेले. संध्याकाळी बयाजीची बायको सगुणा शोधत आली तेव्हा तो वडामागेच होता.

"अवो, समदे गेले की!" ती म्हणाली.

"तू आधी कट म्हन," बयाजी म्हणाला.

ती म्हणाली, तेव्हा कुठे तो घरी आला.

माईसाहेबांनी दुसरा कान धरला. "बाई ओरडली, रडली, की धावत जायचं, तिला खांद्यावर घ्यायचं, बाहेर आणायचं आणि टॉवेलने कोरडं करायचं!"

"आता पक्कं समजलं."

तिसऱ्या दिवशी रडण्याचा सीन होता. कुमुदराणीच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. खलनायक मिशीला पीळ देत पुढे आला. कुमुदराणीने हंबरडा फोडला. बयाजी वाऱ्यासारखा धावत आला. त्याने तिला खांद्यावर टाकलं, बाहेर नेलं, खाटेवर बसवलं आणि टॉवेलने खसखसून पुसलं. गालाची लाली गेली, नकली पापण्या निघाल्या, आणि ज्या तिळावर अर्धा हिंदुस्थान जीव टाकत होता तो तीळही टॉवेलला लागला. बयाजीने तो नीट उचलून तिच्या तळहातावर ठेवला. कुमुदराणी हसत सुटली. इतकी हसली, की माईसाहेबांनी ठरवून दिलेलं महिन्याभराचं हसणं एका दिवसात संपलं.

माईसाहेब मात्र संतापल्या. "अरे, ते रडणं खोटं होतं! कॅमेऱ्यासमोरचं सगळं खोटं असतं! तिथे कोणी रडलं की समजायचं, काम झकास चाललंय. उचलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या! वन्स मोर म्हणायचं!"

"तुमी आदीच सांगायचं की," बयाजी म्हणाला.

चौथ्या दिवशी माईसाहेबांनी जेवताना आंबा मागितला. बयाजी सेटवर गेला. तिथे कॅमेऱ्यासमोर टोपलीत पिवळेधमक आंबे मांडले होते. कॅमेऱ्यासमोरचं खोटं असलं तरी झकास असतं, हे त्याला कालच कळलं होतं. त्याने त्यातला सगळ्यांत मोठा आंबा आणला. माईसाहेबांनी चावा घेतला. आंबा प्लास्टरचा. आंब्याला काही झालं नाही, दात मात्र हलला.

"मेल्या!" माईसाहेब गाल धरून ओरडल्या. "यापुढे आमच्यासमोर खोटं काही ठेवायचं नाही! खोटं दिसलं की उचलायचं, आणि त्या जागी खरं आणून ठेवायचं!"

बयाजीने ते बोटांवर मोजून पाठ केलं.

त्याच दुपारी तो छत्री धरून उभा असताना कुमुदराणी हळूच म्हणाली, "आई, मला सदानंदशी लग्न करायचंय."

माईसाहेबांचा हात पानाच्या डब्यातच राहिला. "त्या कॅमेरा पुसणाऱ्याशी? नायिकेचं लग्न झालं की तिचा सिनेमा कोण बघणार? मी जिवंत आहे तोवर तुझं लग्न होईल ते कॅमेऱ्यासमोर! दुसरीकडे कुठेही होणार नाही!"

त्या तरातरा निघून गेल्या. कुमुदराणी रडायला लागली. बयाजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खुर्चीखालीही वाकून पाहिलं. कॅमेरा कुठेच नव्हता. म्हणजे हे रडणं खरं होतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने टॉवेल पुढे केला, आणि या वेळी तो तिच्याच हातात दिला.

"रडू नगा, बाई," तो म्हणाला. "माईसायेब हो म्हनाल्यात की! कॅमेऱ्यासमोर करा."

कुमुदराणी रडता रडता फिस्सकन हसली. बयाजी एवढा गंभीरपणे का बोलतोय हे तिला कळलं नाही.

पाचव्या दिवशी शेवटचा सीन होता, लग्नाचा. मंडप उभा राहिला. पण नायकाला सर्दी झाली होती आणि तो खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. डायरेक्टरांनी शक्कल काढली. चेहऱ्यावर फुलांचा सेहरा असल्यावर आत कोण आहे हे कोण बघतंय? सदानंदची उंची नेमकी नायकाएवढी. कुमुदराणी आणि बयाजीसमोरच त्याला शेरवानी घालून बसवलं; माईसाहेब तेव्हा तिथे नव्हत्या. वधूच्या आईचं काम करणारी बाईही आली नव्हती. डायरेक्टरांनी माईसाहेबांना विनंती केली. माईसाहेब "छे, छे, मी कसली!" म्हणाल्या आणि पदर सावरून पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. पडद्यावर दिसायची हौस त्यांना पहिल्यापासून होती.

बयाजी मंडपात डोकावला. भटजी म्हणून दाढी चिकटवलेला सुतार बसला होता, आणि ओठ हलवायचे म्हणून सतराचा पाढा म्हणत होता. होमात लाल दिवा लावलेला. मंगळसूत्र रंगवलेल्या चिंचोक्यांचं.

"खोटं!" बयाजी म्हणाला. "समदं खोटं!"

तो गावात पळाला. कासाराकडून खरे काळे मणी आणले. घरून गोवऱ्या आणि समिधा आणल्या. आणि गावचे म्हातारे विनायकभट यांना हाताला धरून घेऊन आला.

"वधूवरांची संमती आहे ना रे?" भटजींनी वाटेत विचारलं.

"बाई त्याच्यापायी रडलीया," बयाजी म्हणाला. "कॅमेरा नसताना!"

"आणि आईची?"

"तिची तर अटच हाय, इथंच लगीन करायचं."

बयाजीने सुताराला उचलून बाहेर ठेवलं, दिवा काढला, होम पेटवला. विनायकभटांनी अंतरपाट धरला आणि खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू केली.

"हा म्हातारा कुठून आणला?" डायरेक्टर खूश होऊन कुजबुजले. "काय काम करतोय! कोणी मध्ये बोलू नका. कॅमेरा चालू ठेवा!"

भटजींनी वधूचं नाव विचारलं. कुमुदराणीने त्यांच्याकडे पाहिलं. धुराने त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी आलं होतं. तिने बयाजीकडे पाहिलं. तो काळे मणी घेऊन उभा होता. तिला सगळं कळलं. पडद्यावरचं नाव न सांगता ती हळूच घरचं नाव म्हणाली, "गोदावरी." सेहऱ्याआडून सदानंदला ते ऐकू आलं, आणि तोही समजला. मग त्यानेही दबक्या आवाजात आपलं नाव सांगितलं. अक्षता पडल्या. सगळ्यांत जास्त अक्षता माईसाहेबांनीच टाकल्या, आणि तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून टाकल्या. मणी बांधले. सप्तपदी झाली.

विनायकभटांनी हात उंचावले. "आजपासून ही सौभाग्यवती गोदावरी सदानंद! सुखी राहा!"

माईसाहेबांच्या हातातून अक्षतांचं ताट पडलं. गोदावरी हे नाव त्या मंडपात माय-लेकींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी धावत जाऊन सेहरा वर केला. आत सदानंद, पार घामाघूम.

"बयाजी! हे काय केलंस?"

"खोटं काढलं, खरं ठिवलं," बयाजी म्हणाला. "आन् लगीन कॅमेऱ्यासमोरच लावलं. तुमीच म्हनाला हुता न्हवं?"

माईसाहेबांनी डोक्याला हात लावला. मग मंडपाच्या मधोमध फतकल मारून त्यांनी मोठ्याने गळा काढला.

बयाजीला त्यांना खांद्यावर घ्यावंसं वाटलं, पण त्याने आधी नीट पाहिलं. समोर कॅमेरा होता. कॅमेरा चालू होता. म्हणजे माईसाहेबांचं काम झकास चाललं होतं. त्याने कडकडून टाळ्या वाजवल्या आणि पोटातून ओरडला, "वन्स मोर! वन्स मोर!"

विनायकभट जरा चमकले. पण शहरातल्या लोकांची रीत असेल म्हणून त्यांनी नवरा-नवरीला पुन्हा समोरासमोर उभं केलं, अंतरपाट धरला आणि पहिल्या मंगलाष्टकापासून सुरुवात केली.