एका बाहीचे झबले

विषय : कारवीमाथा येथील साहेबांच्या जुन्या कबरस्तानाच्या भिंतीबाहेरील दगडावर एका बाहीचे झबले ठेवण्याच्या प्रथेबाबत.

संदर्भ : बमू झोरे, वाटाड्या, राहणार धनगरवाडी, हे पाहुण्यांना तोंडी सांगत असलेली हकीकत. लेखी पुरावा उपलब्ध नाही.

वरील विषयास अनुसरून आधी जागेची माहिती. कारवीमाथ्यावर कड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या डाव्या हाताला हे कबरस्तान लागते. आत मेलेल्यांची सोय उत्तम आहे. सुरूची झाडे आहेत, संगमरवरी देवदूत आहेत, त्यांतल्या एकाचे नाकही शाबूत आहे. भिंत कमरेइतकी. भिंतीच्या बाहेर, आतून वाकून हात लांबवला तर शिवता येईल एवढ्या अंतरावर, एक काळा बुटका दगड आहे. पावसाळ्याचे चार महिने त्या दगडावर तान्ह्या बाळाचे झबले ठेवलेले असते. नीट बेतलेले, नाड्या लावलेले, आणि एकाच बाहीचे. दुसऱ्या बाहीची जागा मोकळी असते.

पाहुणे फोटो काढतात. नवसाचा दगड असेल असे समजून एखादी नवी सून हात जोडते. तेव्हा म्हातारा बमू पुढे होतो.

"हात जोडू नका, ताई. ह्यो द्यायचा देव न्हाई. हितनं गेलंय."

"मग इथं मागायचं काय?"

"काय बी न्हाई. वाईच उभं ऱ्हायचं आन् चालू लागायचं."

आणि मग, कोणी चालू लागण्याआधीच, तो सांगू लागतो.

बमूच्या पणज्याची आई ठकू. साहेबांच्या वसाहतीला दूध घालायची. वसाहतीत बंगल्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत मोठे साहेब, खालच्या ओळीत त्यांची कामे करणारे साहेब. खालच्या ओळीच्या टोकाला रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसिअर याबस्ली राहत असे. त्याच्या बायकोचे नाव टॅमसिन. वरच्या ओळीतल्या मडमा तिला चहाला बोलावत नसत, कारण विलायतेत तिच्या बापाची मेंढरे होती. ठकूच्या बापाचीही मेंढरेच होती. त्यामुळे त्या दोघींचे जमले.

टॅमसिन मराठी शिकली ती ठकूच्या तोंडून, हेलासकट आणि म्हणे शिव्यांसकट. ठकू तिला 'तुमी' म्हणे, म्हणून तीही ठकूला 'तुमी' म्हणू लागली. गवळणीला मडम 'तुमी' म्हणते हे ऐकून खानसाम्याचा जीव खालीवर होई. त्याने एकदा समजावून पाहिले. मग ती त्यालाही 'तुमी' म्हणू लागली. तेव्हा त्याने नाद सोडला.

टॅमसिनचा मुलूख विलायतेतला डेव्हन. तिथेही असाच उघडा माळ, असेच काळे दगड, आणि दगडाला हात लावला तरच दगड आहे हे कळावे असे धुके. "तुमचा माळ आन् माजा माळ सख्खं भाऊ हायत," ती म्हणायची. फरक एवढाच, की तिच्या माळावर पिस्की राहत. पुस्तकातले साहेब त्यांना पिक्सी म्हणतात, पण टॅमसिनचा बाप पुस्तक वाचणारा नव्हता.

"केवढी असती ही पिस्की?" ठकूने विचारले.

"वीतभर. उगडीनागडी. लाल केसांची."

"खाती काय?"

"दुधावरची साय." टॅमसिनने भांड्यात डोकावले. "तुमच्या दुदावर साय येत न्हाई, ती पिस्की खाती, का तुमी पानी घालता?"

"पानी म्हशी पित्यात, मडम. त्याला मी काय करू?"

अशा थट्टेत पिस्कींची सगळी माहिती ठकूला झाली. पिस्की वाटसरूला धुक्यात चकवा देते, गोल गोल फिरवते. अंगातला कोट काढून उलटा करून घातला की चकवा सुटतो. एका शेतकऱ्याचे धान्य म्हणे एक पिस्की गुपचूप झोडून द्यायची. उघडी राबते म्हणून त्याला दया आली. त्याने खळ्यात इवलासा अंगरखा ठेवला. पिस्कीने तो घातला, टाळ्या पिटून नाचली, आणि गेली ती कायमची. पिस्कीला कपडा दिला की ती जाते. टॅमसिनने ते नाचणे बसल्या बसल्या करून दाखवले आणि ठकू हसून हसून लोळली.

"पर ही येत्यात कुटनं?"

टॅमसिनचा हात तेव्हा स्वतःच्या पोटावर होता. सातवा महिना होता. "ज्या लेकरांच्या डोक्यावर नावाचं पानी पडायच्या आदीच ती जात्यात, त्यांची पिस्की हुती," ती म्हणाली, आणि मग तिने विषय बदलला.

आषाढात मुलगा झाला. पावसाळ्यात घाट बंद होई. पाद्री, डॉक्टर आणि वरची ओळ झाडून खाली देशावर जाई आणि दसऱ्याला वर येई. देव आणि औषध दोन्ही हवामान पाहून येत. मागे राहिली ठकू. तिने नाळ कापली, पोराला पायांवर घेतले, नाक ओढून सरळ केले, आणि आपल्या घरच्या रीतीने डोक्यावर पाणी घालत म्हणाली, "गंगामाय, किस्नामाय, कोयनामाय, लेकराला संभाळा." पोराने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. केस लालच होते.

पाचवीच्या आत पोर गेले. सटवाई कपाळावर लिहायला आली असेल, तर ती रिकाम्या पाळण्याशी आली असेल.

कबरस्तान सांभाळणारा एक साहेब कारकून पावसाळ्यातही वर असे. त्याने नियम सांगितला. भिंतीच्या आतली जमीन मंत्रून घेतलेली आहे. ज्याच्यावर नावाचे पाणी पडलेले नाही, म्हणजे बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला आत जागा देता येत नाही. माणूस वाईट नव्हता. खड्डा खणून होईपर्यंत याबस्लीच्या डोक्यावर छत्री धरून तो स्वतः भिजत उभा होता आणि रडत होता, असे सांगतात. नियम पाळणारी माणसे वाईट नसतात, हीच तर अडचण आहे. पोर भिंतीबाहेर, काळ्या दगडापाशी ठेवले.

ठकूला यातले काही उमजेना. तिची स्वतःची दोन तान्ही शेताच्या बांधाला, जांभळीखाली पुरलेली होती. "आमचा बांध कुणाला काय इचारत न्हाई," ती म्हणाली. त्यावर टॅमसिनने तिचा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

दसऱ्याला पाद्री वर आला. बोलता बोलता सांत्वन म्हणून तो सांगून गेला, की अडीअडचणीला पाद्रीच लागतो असे नाही. पाणी कोणीही घालू शकते. आईसुद्धा. तीन नावे घ्यायची, बापाचे, पुत्राचे, पवित्र आत्म्याचे, आणि डोक्यावर पाणी सोडायचे. हे जर आषाढात कोणी सांगितले असते! टॅमसिन खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "पानी तर घातलं हुतं."

ठकूला बोलावणे गेले. पाद्रीच्या व्हरांड्यात ती पायरीवर उभी राहिली.

"पाणी तू घातलंस?"

"व्हय."

"काही नावं घेतलीस?"

"घेतली की. तीन."

पाद्री पुढे वाकला. टॅमसिनही पुढे सरकली. ठकूने तिन्ही नद्यांची नावे सांगितली.

नावे तीनच लागत होती आणि तिने तीनच घेतली होती. ती भलती निघाली. पाद्रीही वाईट माणूस नव्हता. त्याने वरच्या पाद्रीसाहेबांना अर्ज लिहिला, की असे असे पाणी पडले आहे, तीन नावे उच्चारली आहेत, हेतू शुद्ध होता. तरी हे पाणी धरावे किंवा कसे, आणि धरता येत नसल्यास निदान कबरस्तानाची भिंत हातभर पुढे सरकवून तो दगड आत घ्यावा किंवा कसे, याबाबत आदेश व्हावा. अर्ज घाट उतरून गेला.

पुढच्या पावसाळ्यात त्या दगडापाशी माणसे चुकू लागली. जन्म माळावर काढलेला धनगर डाव्या हाताला कड्याचा वारा धरून चाले, आणि तासाभराने पुन्हा त्याच दगडाला पाय लागे. टॅमसिनला हे कळले तेव्हा तिच्या तोंडावर रंग आला. वाडीवाडीत जाऊन तिने सांगितले, "घोंगडी उलटी करून पांघरा, त्यो सोडतो. त्यो वाईट न्हाई. लहान हाय." लोकांनी घोंगड्या उलट्या केल्या आणि वाट सापडू लागली.

ती स्वतः मात्र धुके उतरले की कोट अंगात घाले, सुलटा, गळ्यापर्यंत सगळी बटणे लावून, आणि माळावर जाई. चिंब भिजून, ओरखडे घेऊन परते. एकदा कड्याच्या इतकी जवळ गेली की पायाखालचा दगड खाली पडल्याचा आवाज तिला बराच वेळाने आला. याबस्लीने कोट कुलपात ठेवला, तर ती त्याचा घालून गेली.

"आज त्यानं मला दगडाभवती फिरवलं," ती ठकूला सांगे. "माज्याशी खेळतो. पर लई गार हाय गं बाहेर. आन् त्यो उगडा हाय."

'गं' ती तेव्हाच पहिल्यांदा म्हणाली.

ते वाक्य ठकूच्या काळजात रुतले. घरी नातवंडे चुलीभोवती निजलेली, आणि ज्या पोराची पहिली अंघोळ आपल्या पायांवर झाली, ते बाहेर पावसात. खळ्यातल्या पिस्कीची गोष्ट ती विसरली नव्हती. पण तो तर गडी होता. राबला, अंगरखा मिळाला, गेला. गड्याची रीत ती. हे पोटचे पोर. अंगात ऊब आली तर लेकरू आईला सोडून जाईल, हे तिच्या डोक्यात यावे तरी कसे? तिने आपल्या लग्नातल्या लुगड्याचा पदर फाडला. झबले शिवले. दोन्ही बाह्या, नाड्या, गळ्याला मणी. संध्याकाळी दूध घालून परतताना तिने ते दगडावर ठेवले आणि वर एक खडा ठेवला.

सकाळी खडा तिथेच होता. झबले नव्हते. वारा किंवा कोल्हा या शक्यता नाकारता येत नाहीत. त्या काळी चौकशी झालेली नाही.

त्या दिवशी धुके असे पडले की म्हैस हाकलावी तर हाताला लागेना. टॅमसिन गेली आणि लगेच परतली. दुसऱ्या दिवशी गेली आणि सरळ परतली. मग रोजच. पाय आपोआप वाटेला लागत. ठकू दूध घेऊन आली तेव्हा ती कोट न काढताच पायरीवर बसली होती.

"वाट चुकत न्हाई, ठकू. काय केलं तरी चुकत न्हाई."

ठकूने दुधाचे भांडे खाली ठेवले. लपवायचे तिच्या मनातही आले नाही. "मडम, मी त्याला झबलं दिलं. गारठत हुता म्हणून."

टॅमसिन ओरडली नाही. तिने फक्त विचारले, "पुरं हुतं?"

"पुरं. दोनी बाह्या. गळ्याला मनी."

"छान हुतं?"

"लई छान हुतं."

"मग नाचला असंल," टॅमसिन म्हणाली, आणि तोंड कोटाच्या बाहीत खुपसले.

कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला पुढचे समजावून सांगावे लागत नाही. पुरे झालेले प्रकरण निकाली निघते आणि दप्तरात जाते. अपुरे असते तेच टेबलावर राहते. टॅमसिनने आपल्या पेटीतला बाळाचा पांढरा झगा काढला. नावाच्या पाण्याच्या दिवसासाठी तिने तो विलायतेहून आणलेल्या कापडाचा शिवला होता. तिने त्याची एक बाही उसवली आणि तो दगडावर ठेवला. कपडा अर्धा आहे. दुसऱ्या बाहीसाठी तरी तो येईल. एक झगा कुजला की ती दुसरा शिवे, एका बाहीचा. ठकू खांदे बेतून देई.

काही वर्षांनी याबस्लीची बदली झाली. टॅमसिन घाट उतरायला तयार नव्हती. तिला डोलीत बसवून नेले, असे सांगतात. डोली दगडापाशी थांबवून तिने ठकूला शिवणाची पेटी दिली.

"तुमी ठेवत जावा. पुरं करू नका."

"न्हाई करत."

"आन् त्यो आला तर..." त्यापुढचे तिला मराठीत सांगता येईना. तिने ते आपल्या भाषेत सांगितले. ठकूला ते कळले नाही, म्हणून ते आज कोणालाच ठाऊक नाही.

ठकूने मरेपर्यंत झबले ठेवले. मग तिच्या सुनेने, मग तिच्या सुनेने, असे चालत आले. आता बमूची सून ठेवते. कापड टेरिकॉटचे असते, बाही एकच असते. आजही कारवीमाथ्यावर हात दिसणार नाही असे धुके पडते, आणि आजही त्या दगडापाशी कोणीच वाट चुकत नाही. पाहुण्यांना हे ऐकून हायसे वाटते. बमूला वाटत नाही. झोऱ्यांच्या घरातले कोणी ना कोणी दर पावसाळ्यात घोंगडी सुलटी पांघरून त्या धुक्यात जाते, आणि सरळ घरी येते.

भिंत हातभर पुढे घेण्याबाबतच्या मूळ अर्जास 'विचार चालू आहे' एवढे उत्तर आले होते, असे म्हणतात. कबरस्तान आता दुसऱ्या समितीकडे आहे. बमू झोरे यांनी त्याच मागणीचा अर्ज मागील वर्षी नव्याने दिला असून, त्याची पोच मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.