डोंगरातून रिकामी येणारी गाडी

“...मग डोंगरात गाडी पाठवायचीच कशाला, बाई?”

डॉ. पोटेबाई खिडकीशी चहा पीत होत्या.

प्रश्न विचारणारा सुजय त्यांचा विद्यार्थी. हाडांच्या आणि मांसल भागांच्या कर्करोगावर त्यानं सगळ्या जिल्ह्याचा अभ्यास केला होता. टेबलावर नकाशा पसरून तो उभा होता.

“हे बघा. कोवळ्या पोरांना गुडघ्यापाशी, हाडात. उतारवयात मांडीच्या मांसात. सगळीकडे हेच. फक्त डोंगरात एकही रुग्ण नाही. आपली तपासणीची गाडी दर गुरुवारी तिथून रिकामी येते.”

“बरं.”

“बरं काय, बाई! इकडे खाली माणसं मरतायत. गाडी इकडे फिरवा. आजच सही करा.”

“डोंगरात का नसेल रे?”

“नाचणी खातात. चढउतार करतात. हाडंच चिवट त्यांची.”

“असेल...”

दारात एक आई येऊन उभी राहिली. पाठुंगळीला मोठी मुलगी. मुलीच्या गुडघ्याला बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

“कुठून आलात?” बाईंनी विचारलं.

“डोंगरातून. वरच्या वाडीहून.”

सुजयनं कामट्या सोडल्या. गुडघा भोपळ्याएवढा.

“केव्हापासून हे?”

“दिवाळीत पडली. मुरगळलं म्हणून रोज तेल लावून चोळलं. मग हाडवैदानं बांधून दिलं.”

“चोळलं? अहो, सूज अशी चोळायची नसते! आमची गाडी येते ना तुमच्याकडे?”

“येती की. देवळापाशी उभी ऱ्हाती.”

“मग दाखवलं का नाही?”

आई त्याच्याकडे बघतच राहिली.

“ती कॅन्सरवाल्यांची गाडी, साहेब. आमची पोर तर नुसती पडली.”

सुजयनं नकाशावरच्या कोऱ्या डोंगराकडे बघितलं.

“पाय ऱ्हाईल ना माझा?” मुलीनंच विचारलं.

बाईंनी सुजेवर तळवा टेकवला. दाबला नाही.

“बघू. तोवर कुणाला चोळू देऊ नकोस. आईलासुद्धा.”

मायलेकी एक्स-रेला गेल्या.

सुजयनं नकाशा गुंडाळला.

“गुरुवारी गाडीबरोबर मी जातो, बाई. दारोदार फिरतो. कॅन्सर कुणाला आहे, एकेकाला विचारतो.”

“नको,” बाई म्हणाल्या. “कोण पडलंय, ते विचार.”