गळकी टेंडरगाडी

टेंडरगाडीने आपली गळती कुणाला दाखवायची नाही, असा गोऱ्या साहेबांच्या काळी इंजिनांच्या शेडमधला नियम होता. इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहून वाहून धाकट्या टेंडरगाडीची टाकी चिरली होती. साहेब येणार म्हणून इंजिनआजोबांचं पितळ मात्र लखलखत होतं.

"अगं, आम्ही जन्मभर गळतच धावलो," थोरली टेंडरगाडी म्हणाली.

"चल पोरी, नखरे पुरे," आजोबा फुसफुसले.

धाकटी फार दमली होती. तिने ब्रेक आवळून धरला. "आजोबा, घाटात पाणी संपलं तर फुटेल तो तुमचाच बॉयलर. टाकी सांधल्याशिवाय मी हलणार नाही."

आजोबांनी सुटू पाहणारी वाफ आवरली. शेडभर फक्त धाकटीची टाकी टपटपताना ऐकू येत होती.