कळशीवरचं नाव

मिरजेत हुसेनभाईंचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. तिथे एक दिवस रणधीरराव आले. आपल्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत, हे ते येता-जाता ऐकवत. त्यांना पितळेची एक कळशी आवडली. तिच्या काठावर कोरलं होतं, 'चि. सौ. कां. अंबूस, आईकडून.'

"हे घासून टाका आणि आमच्या घरातलं नाव घाला," रणधीरराव म्हणाले. "दिवाणखान्यात ठेवायचीय. वडिलोपार्जित वाटली पाहिजे."

हुसेनभाईंनी छिन्नी हातात घेतली. "घालतो की. लग्नातल्या कळशीवर बाईचं नाव असतं. आजीचं सांगा."

रणधीरराव बराच वेळ आठवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिला सगळे वहिनीसाहेबच म्हणायचे."

"साहेब, ही कळशी तीन घरं फिरली, हिला पोचे आले, तरी हिनं अंबूचं नाव सोडलं नाही. तुमच्या घरात आजीचंच नाव राहिलं नाही, तिथे अंबूला कुठल्या भरवशावर पाठवू?"

रणधीररावांनी पायरीवर बसून गावी आत्याला फोन लावला. आत आले तेव्हा डोळे पुसत होते.

"चंद्रा," ते म्हणाले. "अंबूचं राहू द्या. नाव नसलेली एखादी साधी कळशी द्या, तिच्यावर हे घाला."