हद्दीला भिडलेली शेड

माळावरच्या एका वस्तीत म्हादबा नावाचा माणूस राहत होता. मनाने चांगला, पण भारी भिडस्त. कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की तो हो म्हणून मोकळा होई.

शेजारचा धोंडिराम त्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचा भाड्याने माल वाहायचा छोटा टेम्पो होता. तो ठेवायला त्याने अंगणात, घरापासून सुटी अशी पत्र्याची शेड घातली होती. पुढे त्याने मोठा टेम्पो घेतला. तो काही शेडमध्ये मावेना. तेव्हा धोंडिरामने शेड म्हादबाच्या बाजूला वाढवायची ठरवली, अगदी हद्दीला भिडवून.

गावाचा नियम असा, की बांधकाम आणि शेजाऱ्याची हद्द यांच्यामध्ये पाच हात जागा मोकळी सोडायची. शेजारी राजी असेल तरच पंचायत सूट देई. सरपंचांनी म्हादबाला बोलावून विचारले, "पाया तुझ्या भिंतीलगत खणला जाणार. नीट विचार करून सांग. तुझी हरकत आहे का?"

म्हादबाचे घर नियमाच्याही आधीचे, जुने, दगडमातीचे, हद्दीला लागून. हद्दीकडच्या खोलीत त्याची बाळंतीण लेक सुली तान्ह्या पोराला घेऊन निजत होती. पण समोर धोंडिराम आशेने बघत होता.

"माझी कसली हरकत?" म्हादबा म्हणाला. "होऊ द्या."

घरी बायको संतापली. "तुम्हाला वाईटपणा नको, म्हणून लेकरांचा जीव टांगणीला लावलात!"

खोदकाम सुरू झाले आणि भिंतीचा गिलावा सुटू लागला. म्हादबा सांगायला गेला. धोंडिरामने हसून चहाचा कप पुढे केला. म्हादबा चहा पिऊन तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी भिंतीला तडा गेला. त्याने तो शेणमातीने लिंपून टाकला. सकाळी बघतो तर लिंपण फाटलेले, आणि तड्यात बोट जाईल एवढी फट.

बाहेर पहार पडत होती. प्रत्येक घावाला माती भुरुभुरु गळून बाळाच्या दुपट्यावर पडत होती. म्हादबा ती हाताने झटकत होता आणि मनाशी म्हणत होता, 'आजचा दिवस जाऊ दे. संध्याकाळी सांगू.'

इतक्यात भिंतीच्या पोटात दगड करकरला.

"सुले, पोराला उचल! बाहेर पळ!"

लेक उंबऱ्याबाहेर पडलेली पाहून म्हादबा तसाच पायाच्या चराकडे धावला. धोंडिराम स्वतः आत उतरून खणत होता.

"धोंड्या, वर ये! भिंत येतेय!"

"कुठली भिंत?" धोंडिरामने मान वर केली.

म्हादबाने वाकून त्याचा हात धरला आणि सगळा जोर लावून ओढले. दोघे मातीच्या ढिगावर कोसळले. मागोमाग भिंत बसली. चर दगडांनी भरून गेला. धुरळ्यात काही दिसेना. मग अंगणातून बाळाचे रडणे ऐकू आले, तेव्हा कुठे म्हादबाला श्वास घेता आला.

धोंडिरामचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भिंत तडकली होती का रे?"

"कालच."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

धोंडिरामने परसाकडे बोट दाखवले. मग म्हणाला, "अरे, मागे परसात माझी एवढी जागा मोकळी पडलीय. पंचायतीत नुसतं नाही म्हणाला असतास, तर शेड तिकडे वाढवली असती. फार तर दोन दिवस तुझ्यावर रुसलो असतो."

म्हादबाने मित्राचा हात अजून घट्ट धरून ठेवला होता.

तात्पर्य: शेजाऱ्यांमधली मोकळी जागा दोघांच्याही जिवासाठी असते, भिडेपोटी ती सोडून देणारा स्वतःबरोबर मित्रालाही संकटात लोटतो.