उघाडीचा आवाज

“...आणि समजा, दोन्ही अगदी सारखीच चांगली असली, तर?”

हिराजी आजाने उत्तर दिलं नाही. तो बांधावर उकिडवा बसून तळहातावर तंबाखू मळत होता.

भाविकाला याची सवय होती. आठवीत असल्यापासून ती वही घेऊन या बांधावर येत होती, आणि तेव्हापासून हा म्हातारा तिच्या दहा प्रश्नांतल्या एखाद्याचंच उत्तर देत आला होता. ते एक मात्र वर्षभर पुरायचं. म्हणून ती येत राहिली.

खारेपाटातल्या त्या गावाला एका अंगाने खाडी आणि दुसऱ्या अंगाने भातशेती. मधे मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या पोटात एक दगडी मोरी, आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला जाड फळ्यांचं दार, वरून टांगलेलं. भरती आली की खाडीचं पाणी ते दार रेटून मिटवतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी त्याला आतून ढकलून उघडतं. कडी नाही, कुलूप नाही. या दाराला तिकडे उघाडी म्हणतात.

उघाडीची राखण चाळीस वर्षं आजाकडे होती. राखण म्हणजे तसं काही फार नाही. आजा ऐकायचा. भरती पुरेशी चढली की दार मिटताना धप्प असा आवाज यायचा, आणि तो आला की आजा मळलेली तंबाखू तोंडात टाकायचा. त्याच्या आधी कधीच नाही. गावातल्या कोणालाही आजाचा गाल पाहून सांगता यायचं, की खाडी आज बाहेर आहे की आत.

“आजा, मी काय विचारते?”

“आयकतंय ना मी.”

“बारा वाजेपर्यंतच वेळ आहे.”

“हं...”

तिच्या मागे खरोखरच बाराचा काटा लागला होता. पर्यावरणशास्त्राच्या पदवीसाठी तिला दोन विद्यापीठांत जागा मिळाली होती. एक पुण्याचं, जुनं आणि नावाजलेलं, मोठमोठ्या प्रयोगशाळांचं. दुसरं पार हिमालयाच्या पायथ्याशी, लहानसं, जिथे वर्षातले चार महिने नदीकाठी तंबूत काढावे लागतात. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोनवर एका नावापुढचं बटण दाबायचं होतं. एक दाबलं की दुसरं जाणार. काहीच दाबलं नाही, तर दोन्ही.

भाविका हुशार होती, आणि ते तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. बारावीला तालुक्यात पहिली. दोन्ही विद्यापीठांना तिने एकच निबंध पाठवला होता, या उघाडीवरचा, आकृतीसकट. दाराचं वजन, पाण्याचा दाब, आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातलं मीठ, सगळं त्यात होतं. दोघांनाही तो पसंत पडला. एक गोष्ट तेवढी तिला लिहिता आली नव्हती. जिचं सगळं मोल मिटण्यात आहे, तिला उघाडी का म्हणतात? हे तिने आजाला पूर्वी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा म्हातारा खाडीकडे बघत राहिला होता.

आता तिने पिशवीतून एक मोठा कागद काढून त्याच्यासमोर पसरला.

“हा तक्ता बघ. सतरा मुद्दे काढलेत मी. शिक्षक, प्रयोगशाळा, पुढची नोकरी, घरापासूनचं अंतर... प्रत्येकाला गुण दिले.”

“बरं.”

“पुण्याला ब्याऐंशी. तिकडे ब्याऐंशी.”

“बरं.”

“मग मी नोकरीचं महत्त्व जरा कमी केलं. तर दोघांना एकोणऐंशी.”

आजाने कागदाकडे पाहिलं. मग वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक ढेकूळ ठेवलं आणि पुन्हा खाडीकडे तोंड केलं.

आषाढी अमावास्या होती. उधाणाचा दिवस. पावसाने सकाळपासून उसंत दिली होती आणि खाडीचं पाणी तिवरांच्या बुंध्यांवर चढत चाललं होतं. बांधाच्या अलीकडे भामाकाकूच्या खाचरात परवाच लावणी झाली होती. रोपं अजून पुरती उभी राहिली नव्हती.

“बाबा म्हणतात पुणं घे, शनिवारी घरी येता येईल. कॉलेजचे सर म्हणतात डोंगराकडे जा, जन्माचं शिकशील. दोघांचंही बरोबर आहे. मला कोणाचा सल्ला नकोय, आजा. मला फक्त निकष हवाय.”

“काय हवाय?”

“म्हणजे... कशावरून ठरवायचं, ते.”

आजा गप्प झाला. नेहमीपेक्षा जास्त गप्प. मळणारा अंगठा थांबला, मान एका बाजूला कलली आणि डोळे बारीक झाले.

भाविकाला बरं वाटलं. म्हातारा अखेर तिच्या प्रश्नात उतरला असं तिला वाटलं. तिने वही उघडून मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि ती थांबली.

बराच वेळ गेला...

“आवाज आला कं तुला?” आजाने हळूच विचारलं.

भाविकाच्या अंगावर शहारा आला. हेच ते, तिला वाटलं. तिने डोळे मिटले. छातीवर हात ठेवला.

“नाही अजून. पण तू म्हणतोस तसा आतला आवाज...”

“आतला कशाला? उघाडीचा.”

तिने डोळे उघडले. आजा उठला होता. तंबाखू त्याने डबीत परत टाकली होती, आणि ते तिने पाच वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

“पानी एवढं चढलं, नि धप्प नाय झालं.”

तो मोरीकडे चालू लागला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस इतक्या भरभर चालतो हे तिला माहीत नव्हतं. तीही वही पिशवीत कोंबून, पिशवी उचलून निघाली, आणि चार पावलांवर तिला आठवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी आल्या आल्या ती मोरीत उतरली होती. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे नमुने घ्यायला. नमुने एकाच वेळचे हवेत, नाहीतर तुलना खरी नाही, हा तिचा नेम होता. दार हेलकावे खात हातावर आपटत होतं, म्हणून तिने तिवराचा एक ओंडका दार आणि चौकटीच्या मधे अडकवला. दोन्ही बाटल्या भरल्या. तेवढ्यात बाबांचा फोन आला, पुण्याबद्दल. बोलत बोलत ती वर आली आणि ओंडका तिथेच राहिला.

मोरीच्या आतल्या तोंडाशी खाडीचं गढूळ पाणी फेसाळत आत घुसत होतं. भामाकाकूच्या पहिल्या खाचरात ते पसरलंही होतं. परवाची रोपं माना टाकून तरंगायला लागली होती.

“आजा... तो ओंडका मी...”

“दिसतंय.”

“पाचच मिनिटांसाठी ठेवला होता. मला दोन्हीकडचं पाणी एकदम हवं होतं.”

आजाने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

“मिलालं मग.”

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला.

आजाने बांधावरच्या आपल्या खोपटीतून पहार आणली. वरून, दार आणि दगडाच्या फटीत तिचं टोक घातलं.

“मी दार जरासं लोटतंय. तू आतल्या अंगानं उतर नि लाकूड ओढ.”

पिशवी काठावर टाकून ती पाण्यात उतरली. कमरेइतकं पाणी, आणि त्याला चांगलीच ओढ होती. एका हाताने तिने ओंडका धरला. दुसऱ्या हातात फोन होता, पाण्यापासून वर धरलेला. त्यावर दोन्ही विद्यापीठांची पानं शेजारी शेजारी उघडी होती.

ओंडका तसूभरही हलला नाही.

“एका हाताचं काम नाय ते,” वरून आवाज आला.

“फोन भिजेल, आजा. बारा वाजता...”

पहारेवर आजाने सगळा भार टाकला होता आणि त्याचे दंड थरथरत होते.

भाविकाने मोरीच्या दगडी पायरीकडे पाहिलं. मग फोन पायरीवर ठेवला, पालथा. दोन्ही हातांनी ओंडका धरला.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्या झटक्याला तिचा पाय घसरला आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं. तिसऱ्या वेळी वरून आजा कण्हल्याचा आवाज आला, दार बोटभर मागे सरलं, आणि ओंडका तिला घेऊनच आत येऊन पडला.

धप्प.

मोरीतला खळखळाट थांबला.

ती पायरीवर बसली. केसांतून पाणी गळत होतं. आजा वरून खाली उतरला, तिच्या शेजारी बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

“वाचेल का रे खाचर?”

“ओहोटीला गोडं पानी सोडू वरच्या खाचरातलं. धुवून निघालं तर निघालं. नाय तर पुन्हा लावनी.”

“मी सांगते भामाकाकूला. माझ्यामुळे झालं म्हणून. आणि लावणीला मी येते.”

“सांग.”

मग आजाने विचारलं,

“बाटली हाय कं अजून एखादी?”

“आहे. रिकामी.”

“भर. आतलं पानी.”

तिने खाचराच्या कडेचं पाणी बाटलीत भरलं.

“चाख.”

तिने करंगळी बुडवून जिभेला लावली. आणि तोंड वाकडं केलं.

“चिठ्ठी लाव आता.”

हे तिचं रोजचं काम होतं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि एक शब्द. आतलं किंवा बाहेरचं. तिने ओल्या बोटांनी पिशवीतून चिठ्ठी काढली, पेन टेकवलं... आणि तशीच राहिली.

आतलं लिहावं, तर ते आतलं उरलं नव्हतं. बाहेरचं लिहावं, तर तिने ते स्वतःच्या हाताने आतून भरलं होतं.

चिठ्ठी कोरीच राहिली. तिने ती घडी करून वहीत ठेवली.

मग फोन उचलला. बाराला नऊ मिनिटं कमी होती. दोन्ही नावं तिची वाट पाहत होती. तिने सवयीने तक्त्याकडे मान वळवली. तक्ता वर बांधावर होता, ढेकळाखाली. आणायला वेळ होता, पण ती उठली नाही.

अंगठा चिखलाने माखला होता. तिने तो ओढणीच्या पिळलेल्या टोकाला नीट पुसला, आणि डोंगराकडचं नाव दाबलं.

पुण्याचं नाव क्षणभर तसंच होतं. मग राखाडी झालं. मग दिसेनासं झालं.

तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट ते जुनं, नावाजलेलं पुणं, त्या मोठमोठ्या प्रयोगशाळा, शनिवारी घरी यायचा रस्ता, वाट पाहणारे बाबा, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती सरळ रडली. आजाने तिला रडू दिलं.

“आजा...”

“हं.”

“दाबलं मी.”

“बरं.”

“चुकलं असलं तर? ते दुसरं तर आता कायमचं बंद झालं.”

आजाने डबी काढली. सकाळची मळलेली तंबाखू पुन्हा तळहातावर घेतली आणि निगुतीने चुना झटकला. मग हात लांब करून मोरीच्या दाराला पंजा लावला. पलीकडे उधाणाची खाडी होती, माणूसभर उंच. दार दगडासारखं घट्ट होतं. एक थेंब आत येत नव्हता.

त्याने तंबाखू तोंडात टाकली.

“मिटली बग नीट,” तो म्हणाला. “आता ओहोटीला उघडंल.”