चाकाखालचं लिंबू

"पण ह्यातली सगळ्यात जोरात पळणारी कोणती, बाबा?"

सगुणाने हे तिसऱ्यांदा विचारलं. दोन वर्षांची मैना तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. पोरीच्या लाळेने पदर ओला झाला होता, त्याचंही तिला भान नव्हतं.

बाबा दात घासायच्या जुन्या ब्रशने गाडीच्या एका प्लगची काजळी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

करंजघाटाच्या पायथ्याला पिराची चिंच आहे. दर गुरुवारी तिच्या सावलीत जुन्या मोटारसायकली विकायला उभ्या राहतात आणि त्यांच्या किल्ल्या बाबांच्या खुंटीला लटकतात. बाबा तरुणपणी गाड्या दुरुस्त करायचे. मग एक दिवस पान्हे पिशवीत भरले आणि पिराच्या ओट्यावर येऊन बसले, ते बसलेच; तेव्हापासून सगळ्यांचेच बाबा. गाडी कुणीही घेवो, चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती चिंचेखालून हलवायची नाही, अशी तिथली रीत. म्हणून तिथल्या मातीलासुद्धा लिंबाचा वास.

दुपार टळत आली होती. विकणारे-घेणारे जेवायला पांगले होते. उदाचा धूर हवेत नुसता टांगून ठेवल्यासारखा. चिंचेची बारीक पानं गळत होती ती इतकी सावकाश, की जमिनीवर पोचायचं विसरूनच गेली असावीत.

"जोरात पळून कुठं जायचंय?" बाबांनी विचारलं.

"दवाखान्यात."

बाबांचा ब्रश थांबला.

"हिचा ताप डोक्यात जातो, बाबा. डोळे पांढरे करते. आमच्या वरच्या वाडीपासून दवाखाना चौदा किलोमीटर, सगळा घाट. हिचे वडील बोटीवर, मासेमारीला. आठ-आठ महिने तोंड दिसत नाही. मागल्या खेपेला जीप यायला दीड तास लागला. पोर मांडीवर लाकडासारखी ताठ झालेली, आणि मी आपली दारात बसून रस्त्याकडे बघतेय..."

तिने मैनाची मान खांद्यावर नीट केली.

"डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली, वाचली. पण बाई, दर वेळी जीप मिळेलच असं नाही. त्या दिवसापासून ठरवलंय. मला आता रस्त्याकडे बघायचं नाही."

"गाडी येते?"

"येते म्हणजे! आठ दिवस दिराने खळ्यात शिकवलीय. शिकाऊ लायसन्स काढलंय. पक्कं झालं की सासूबाई पोर घेऊन मागं बसतील. आमच्या वाडीत गाडीला हात लावणारी मी पहिली बाई आहे, बाबा."

"अन् शिकाऊची पाटी?"

सगुणा जरा घुटमळली. पाटी तिच्या पिशवीत तळाशी होती. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नेलपॉलिशने काढलेलं लाल अक्षर.

"आहे... पण लोक हसतात."

बाबा हसले नाहीत. त्यांनी खुंटीकडे हात केला. "घे. कुठली घेतेस?"

तिने मघाशीच हेरून ठेवली होती. काळी, रुंद टाकीची, म्हशीसारखी ऐसपैस. हिचा आवाज घाटाच्या दुसऱ्या वळणावरून वाडीत ऐकू येईल. तिने मैनाला ओट्यावर बाबांच्या हिरव्या चादरीवर निजवलं, ओचा खोवला आणि किल्ली उचलली.

ती गाडीवर बसली. जमिनीला नुसते अंगठे टेकले.

बाबांनी ते पाहिलं. टोपलीतून एक लिंबू घेतलं, दहा पावलांवर जाऊन मातीत ठेवलं आणि परत येऊन बसले.

"चिरडायचं ना?" सगुणा म्हणाली. "पण अजून घेतली कुठं..."

"चिरडायचं नाही. चाक लिंबाला लागलं पाहिजे. लिंबू फुटता कामा नये."

"हे काय भलतंच!"

बाबांनी प्लग पुन्हा हातात घेतला होता.

गाडी गुरगुरली. सगुणाने क्लच सोडला मात्र, सगळी चिंचच मागे फेकल्यासारखी गेली. ब्रेक कुठला, हात कुठला, हे आठवेपर्यंत लिंबू मागे राहिलं होतं. तिने वळून पाहिलं. मातीत एक पिवळा डाग. वास मात्र सगळीकडे.

"फुटलं," बाबा म्हणाले.

"बाबा, मी इथं लिंबू वाचवायला नाही आले. लेकरू वाचवायला आलेय!"

"हं," बाबा म्हणाले. उठले आणि त्याच जागी दुसरं लिंबू ठेवून आले.

सगुणाची कानशिलं तापली होती. म्हाताऱ्याला वाटतं तरी काय? तिने गाडी ढकलत, धापा टाकत पहिल्या जागेवर आणली. ह्या वेळी दात आवळून, क्लच धरून धरून, मुंगीच्या पावलाने निघाली. लिंबू अजून चांगलं चार हात लांब असताना तिने दोन्ही ब्रेक आवळले.

गाडी थांबली. लिंबू शाबूत.

"नाही फुटलं!" ती ओरडली.

"पोचलीसच कुठं?" बाबा म्हणाले. "तिकडे ताप चढतोय."

सगुणाने वळून मैनाकडे पाहिलं.

त्या एका क्षणात गाडी डावीकडे कलली. तिने पाय टाकला, अंगठाच टेकला, आणि तो सगळा काळा डोंगर हळूहळू, जणू झोप लागल्यासारखा, आडवा होत गेला. ती उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. धूळ उठली. धुळीतून ऊन आलं. मैना ओट्यावर जराशी चाळवली, पुन्हा झोपली.

"लागलं?"

"नाही."

"मग उचल."

तिने हँडल धरलं. मग सीटखाली हात घातला. मग पदर कमरेला घट्ट बांधून पुन्हा हँडल धरलं. गाडी वीतभर उठली आणि परत निजली. सगुणा तिच्या शेजारी मातीतच बसली. घाटातलं वळण तिला दिसत होतं. वळणावर आडवी पडलेली गाडी, कडेला पोर मांडीवर घेतलेल्या सासूबाई... आणि स्वतः ती, रस्त्याकडे बघत.

तिला रडू आलं नाही. कुणी ओरडलंही नाही. बाबा नुसते प्लगवर फुंकर मारत होते.

तळव्यांची माती झटकत ती म्हणाली, "ती कशी आहे? ती कोपऱ्यातली."

चिंचेच्या बुंध्याला टेकून एक छोटी लाल मोटारसायकल उभी होती. रंग विटलेला. दूधवाल्याची असावी, कॅन अडकवायचे आकडे अजून तसेच. सकाळपासून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. सगुणानेही नाही.

"मला काय विचारतेस? तिला विचार."

सगुणा जाऊन बसली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. थंडगार माती. तिने गाडी जरा डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. मूल ह्या कडेवरून त्या कडेवर घ्यावं, तशी ती झुकली आणि परत आली. मग ती उतरली. मुद्दामच गाडी हलकेच जमिनीवर निजवली आणि गुडघ्यात वाकून उचलली. उठली.

ती पुन्हा बसायला गेली आणि थबकली. पिशवीतून पुठ्ठ्याची पाटी काढली. लाल अक्षर उन्हात चमकलं. केसांची रिबीन सोडून तिने ती पाटी गाडीच्या पुढे बांधली.

बाबांनी तिसरं लिंबू आणून ठेवलं. ते आधीच्या दोन्हींपेक्षा लहान होतं.

"बाबा, हे तर दिसत पण नाही..."

"दिसेल."

गाडी निघाली. ना धावत, ना रांगत. बाजारातून घरी जाताना पाय जसे आपोआप पडतात, तशी. चिंचेची पानं तिच्या अंगावर पडत होती. किती वेळ झाला कोण जाणे. दहा पावलं होती, पण तिला वाटलं, चौदा किलोमीटर झाले. वळणं गेली, दरी गेली, करवंदीच्या जाळ्या गेल्या. आणि मग समोर ते लिंबू. त्याच्या देठाजवळचा मऊ खळगा. मैना तान्ही असताना तिची टाळू अशीच होती. बोट लावलं की खाली नाडी उडताना कळायची.

सगुणाच्या हातांनी, पायांनी आपलं आपणच काहीतरी केलं.

चाक थांबलं.

तिने खाली बघायचं धाडस केलं नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिली. दोन्ही पाय जमिनीवर.

"पोचले?" तिने विचारलं. "फुटलं का, बाबा?"

बाबांच्या पावलांचा आवाज आला. ते वाकले. चाक आणि लिंबू यांच्यामध्ये चिंचेचं एक पान अडकलं होतं, तेवढीच काय ती जागा. त्यांनी लिंबू उचललं, अंगरख्याला पुसलं, नाकाशी नेलं. ओट्यावर मैना जागी झाली होती आणि परक्या जागी आई कुठे दिसते का ते शोधत होती.

सगुणाने डोळे उघडले तेव्हा बाबांचा हात पुढे होता. तळव्यावर काजळी, काजळीत लिंबू.

"घरी ने. ताप उतरल्यावर सरबत करून दे तिला," बाबा म्हणाले. "तोंडाला चव येते."